कॉम्प्युटरचा ताप



उडदाच्या पापडांचं प्रमाण लिहिते म्हणाले होते आणि महिनाभर गप्पच बसले. दोघीतिघींचे फोन येऊन गेले, 'काकी, तब्येत बरी आहे ना?' तब्येत माझी बरी होती. कॉम्प्युटरची बरी नव्हती. आणि पापडाचं प्रमाण लिहायला बसले तर आधी हेच लिहावंसं वाटलं, कारण ते माझ्या मनातून जात नाही.

आमचा हा कॉम्प्युटर २०१५ सालचा. मुलानं पहिल्या वर्षीच्या बोनसमधून घेऊन दिला, इंटेलचा आय-थ्री. मी १९८२ ला बी.कॉम. झाले, पण नोकरी केली नाही. घर, सासू-सासरे, मुलं यातच वर्षं गेली. महिला मंडळाचे हिशेब हे माझ्या पदवीला मिळालेलं एकमेव काम. आधी वहीत लिहायची, आता टॅलीत. मुलींच्या शिष्यवृत्तीचे पैसे असतात, बायकांनी पन्नास-शंभर करून दिलेले असतात. एक रुपया इकडचा तिकडे झाला तर मला झोप लागत नाही. हे म्हणतात, मी बँकेत इतकी वर्षं काढली, पण तुझ्याइतका कटकट्या कॅशियर पाहिला नाही.

तर एप्रिलमध्ये वर्षअखेरीचे हिशेब करायला बसले. वीसेक मिनिटं झाली की कॉम्प्युटर बंद. काही सूचना नाही, काही नाही, पटकन स्क्रीन काळी. लगेच चालू करायला गेलं तर होई, आणि दोन मिनिटांत परत बंद. अर्ध्या तासानं चालू केलं तर परत वीस मिनिटं. जवळजवळ पन्नास पावत्या चढवायच्या होत्या, आणि टॅली अशी मध्येच बंद पडली की कधी कधी डेटाच उघडत नाही. ऑडिटरसाहेबांनी २० मे ही तारीख दिलेली.

पहिला संशय विजेवर. पण मॉनिटर आणि वायफायचा डबा त्याच यूपीएसवर आहेत, आणि ते दोन्ही चालू राहत होते. म्हणजे वीज नाही.

दुसरा संशय नातवावर.

बेळगावची लेक आणि तिचा मुलगा सुट्टीला आले होते. सातवीतून आठवीत गेलाय. दुपारी सगळे आडवे झाले की तो कॉम्प्युटरवर कसलासा गाड्यांचा गेम खेळायचा. त्यानं तो उतरवून घेतला आणि आठवड्याभरात हे बंद पडणं सुरू झालं. मग काय, माझ्या दृष्टीनं निकालच लागला. एका संध्याकाळी, सूर्यास्ताआधीची जेवणं चालली होती, यांची मावसबहीण आणि तिच्या सुना आलेल्या, आणि मी सगळ्यांसमोर बोलले, 'याच्या गेमनं कॉम्प्युटरमध्ये व्हायरस घातला. मंडळाच्या मुलींचे पैसे आहेत त्यात, पण याला कुठली काळजी.' तो काही बोलला नाही. पानातली आमटी तशीच ठेवून उठला. दुसऱ्या दिवशी त्यानं गेम काढून टाकला, आणि चार दिवस आधीच लेकीनं बेळगावची गाडी धरली. 'शाळेचं काहीतरी आहे,' म्हणाली. मे महिन्यात कसली शाळा.

गेम गेला. कॉम्प्युटर बंद पडायचा तो पडतच राहिला.

मग दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्यानं कव्हर उचललं, डबा चालू केला, बंद पडेपर्यंत चहा घेतला आणि म्हणाला, 'काकू, मदरबोर्ड गेलाय. दहा वर्षं झाली, आता नवीनच घ्या.' २८ हजार सांगितले. उघडूनसुद्धा बघितला नाही. मुलगा फोनवर म्हणाला, 'आई, लॅपटॉप मागवतो, सोड तो खटारा.' पैशाचा प्रश्न नव्हता असं नाही, पण मला टोचलं ते वेगळंच. दोष कुठे आहे हे न शोधता वस्तू टाकायची?

कॉलेजात आम्हाला तेरीज जुळली नाही तर फरक 'सस्पेन्स' खात्यात टाकायला शिकवलं होतं, पण ते तात्पुरतं. मग बसून शोधायचं. फरकाला ९ नं भाग जातो का बघायचं. जात असेल तर बहुधा आकडे उलटे पडलेत, ५४ चे ४५ झालेत. नाहीतर फरकाची निम्मी रक्कम शोधायची, नावेची रक्कम जमेला पडली असेल. एका वेळी एकच गोष्ट तपासायची आणि तपासलेल्यावर खूण करायची. नवीन वही घेतल्यानं तेरीज जुळत नाही. आणि नव्या मशीनवर नेला तरी नातवावरचा आरोप माझ्या मनात सस्पेन्समध्येच राहिला असता.

मी शंभर पानी वही काढली आणि सुरुवात केली.

सगळ्यात आधी, पहाटे कॉम्प्युटर गार असताना, टॅलीचा बॅकअप पेनड्राइव्हवर घेतला. हे तुम्हीही करा, कसलाही बिघाड असो. दुरुस्ती नंतर, डेटा आधी.

मग 'कोअर टेम्प' नावाचा छोटा मोफत प्रोग्रॅम उतरवला. तो प्रोसेसरचं तापमान दाखवतो. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू म्हणतात ती चौकोनी चिप. काम करताना तो तापतोच. माझ्या प्रोग्रॅममध्ये कमाल मर्यादा १०० अंश लिहिलेली होती. मर्यादेजवळ गेला की प्रोसेसर आधी स्वतःचा वेग कमी करतो, आणि तरी ताप उतरला नाही तर जळून जाऊ नये म्हणून यंत्र स्वतःला बंद करून घेतं. म्हणजे माझा कॉम्प्युटर बंद पडत होता तो बिघडला म्हणून नव्हे, जीव वाचवायला.

काहीही न उघडता, नुसता चालू ठेवून वीस मिनिटांनी आकडा पाहिला: ७८. टॅली आणि इंटरनेट उघडलं तर ९४, ९७, ९९, आणि अंधार.

आता प्रश्न असा, की तापतोय तो जास्त काम पडतंय म्हणून, की गार होत नाही म्हणून? ही दोन वेगळी दुखणी आहेत. ताप डोक्यात गेला म्हणून नुसतं क्रोसिन देत बसायचं नाही, आधी कारण. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर असतो, कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की उघडतो. त्यात प्रोसेसर किती टक्के कामाला लागलाय ते दिसतं. व्हायरस असता, किंवा एखादा प्रोग्रॅम आत गुपचूप राबत असता, तर तिथे साठ-सत्तर टक्के दिसले असते. माझ्याकडे दिसले ५. कधी ४, कधी ६. विंडोजची व्हायरस तपासणीही पूर्ण चालवली, ती बंद पडेल म्हणून पहाटे, टेबलफॅन समोर लावून. काही सापडलं नाही.

पाच टक्के काम आणि ७८ अंश ताप. बिचारा नुसता बसून तापत होता. म्हणजे गेमचा संबंध नव्हता. मी तो आकडा वहीत लिहिला आणि पेन खाली ठेवलं. थोडा वेळ काही सुचेना.

आणि मग दुसरी गोष्ट आठवली, ती त्याहून वाईट. सुट्टीच्या पहिल्याच आठवड्यात तो पोरगा मला म्हणाला होता, 'आज्जी, हा डबा लई गरम लागतोय, हे कव्हर काढू का?' आणि मी म्हणाले होते, 'हात लावू नकोस, दोन महिने लागलेत मला ते विणायला.'

कव्हरचं सांगायला हवं. दिवाळीआधी घराला रंग दिला तेव्हा कॉम्प्युटरचं टेबल हलवलं, आणि डबा टेबलाच्या खालच्या लाकडी कप्प्यात, भिंतीला चिकटवून नीट बसवला. वर माझं क्रोशाचं कव्हर. जाळीतून धूळ जाईल म्हणून आतून जुन्या साटिनच्या परकराचं अस्तर लावलेलं. पुढचं बटण तेवढं मोकळं. येणारी-जाणारी प्रत्येक बाई त्याचं कौतुक करून गेली. आता सांगायला लाज वाटते, पण ज्या जाळ्यांतून डब्यात हवा शिरायची आणि मागच्या ज्या पंख्यानं गरम हवा बाहेर टाकायची, त्या सगळ्यांवर मी साटिन ओढून ठेवलं होतं आणि उरलेलं तोंड भिंतीला लावलं होतं.

कव्हर काढलं. डबा कप्प्यातून बाहेर, भिंतीपासून वीतभर पुढे. रोज सकाळी ११ वाजता, वीस मिनिटं नुसता चालू ठेवून, मग आकडा लिहायचा असं ठरवलं, नाहीतर सकाळचा गारवा आणि दुपारचं ऊन यात तुलना कशी होणार? सांगलीच्या मे महिन्यात खोलीच तापलेली असते. दुसऱ्या दिवशी आकडा आला ७१. सुधारणा होती, पण पुरेशी नाही.

मग उघडायचं ठरवलं. यूपीएस बंद, वायर काढली, आणि वायर काढल्यावर डब्याचं बटण दहा सेकंद दाबून धरलं, आत उरलेली वीज निघून जायला. मागचे दोन स्क्रू काढले की डाव्या अंगाचं झाकण सरकतं. हाताला धातूचा डबा आधी लावून घ्यायचा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते; कोरड्या हवेत ती नाजूक भागांना मारक असते. आणि एक गोष्ट कधीच करायची नाही. जिथे मागे वायर लागते तो चौकोनी वीजपुरवठ्याचा डबा उघडायचा नाही, त्यात वायर काढल्यावरही वीज साठलेली असते.

झाकणाच्या आतल्या कोपऱ्यात कोळ्याचं जाळं होतं आणि त्यात पांढरी पुरचुंडी. अंडी. झालं! हे म्हणाले, 'आता?' आपल्याकडे मुनिमहाराज बसायच्या आधी पिंछीनं जागा हळुवार झाडून घेतात, आणि मी त्या पुरचुंडीवर फडकं फिरवायचं? झाकणच आख्खं उचलून मागच्या गॅलरीत, उन्हापावसाचं लागणार नाही अशा कोपऱ्यात उभं करून ठेवलं. कॉम्प्युटर एका अंगानं उघडा राहिला. पण हिशेबात हे वेगळं धरायला हवं, म्हणून दुसऱ्या दिवशी दुसरं काही न करता फक्त झाकण नसतानाचा आकडा लिहिला: ६७.

आत प्रोसेसरवर अॅल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांचा एक गोल असतो, त्याला हीटसिंक म्हणतात, आणि त्याच्यावर पंखा. प्रोसेसरची उष्णता पट्ट्यांत जाते आणि पंखा ती उडवून लावतो. माझा पंखा फिरत होता, चांगला घरघरत होता. न फिरणारा पंखा असेल तर निदान सोपं, पंखा बदला. पण पंख्याच्या खाली, पट्ट्यांच्या तोंडाशी, वाकळेच्या अस्तरासारखा घट्ट थर जमलेला. आमचं घर मार्केट यार्डाच्या बाजूला, त्यामुळे धुळीतसुद्धा हळदीची पिवळट झाक. ब्लोअरनं फुर्रकन उडवतात, पण आत आणखी कोणी जीव असला तर? शिवाय जोराच्या हवेनं पंखा नको इतका गरगरतो, म्हणून पातं बोटानं धरून ठेवावं लागतं. मी रंगाचा नवा मऊ ब्रश घेतला आणि मोबाइलच्या उजेडात बघत बघत, एकेक पट्टी. तास गेला. मूठभर धूळ निघाली. आकडा ६०.

इथे थांबले असते तरी कदाचित चाललं असतं. टॅलीत ८५ पर्यंत जाऊन टिकत होता. पण साठ म्हणजे तेरजेत अजून फरक आहे. चार-पाच टक्के कामाला इतका ताप नको. मोबाइलचा उजेड खाली नेला तेव्हा दिसलं. हीटसिंक चार कोपऱ्यांवर चार प्लॅस्टिकच्या खिळ्यांनी बोर्डाला पकडलेलं असतं. तीन खाली बसलेले, चौथा डोकं वर काढून उभा. बोटानं हलवलं तर हलला. रंगाच्या वेळी डबा आडवा करून ओढत नेला होता, त्यातच उचकटला असणार. ओढत नेणारी कोण, हे विचारू नका.

एक कोपरा सुटला म्हणजे हीटसिंक प्रोसेसरवर तिरकं बसलं. बूड वाकलेला तवा विजेच्या शेगडीवर ठेवला तर टेकतो तेवढ्यापुरताच तापतो ना, तसंच. धातू धातूला टेकला पाहिजे. आणि नुसता टेकूनही भागत नाही, दोन्हींमध्ये डोळ्यांना न दिसणाऱ्या खाचा असतात आणि त्यांतली हवा उष्णता जाऊ देत नाही. त्या खाचा भरायला एक करडी पेस्ट लावतात, थर्मल पेस्ट. माझी दहा वर्षांत वाळून चुन्यासारखी झाली होती.

कोपऱ्यावरच्या मोबाइल दुरुस्तीच्या पोराकडून पेस्टची छोटी सिरिंज घेतली, १५० रुपये. जुनी पेस्ट पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल लागतं, तेही त्यानं बाटलीत काढून दिलं. घरी येऊन नाव वाचलं तर हे म्हणाले, 'अगं, आपल्या घरात अल्कोहोल?' इंजेक्शनआधी दंडाला लावतात त्यातलंच, म्हटलं. तरी बाटली संपेपर्यंत त्यांनी ती गॅलरीतच ठेवायला लावली, कोळ्याच्या शेजारी.

खिळ्यांच्या डोक्यावर बाण असतात. बाणाच्या दिशेनं पाव फेरा फिरवून वर ओढलं की सुटतात. पंख्याची वायर बोर्डावरून काढली, हीटसिंक सरळ न उपटता हळूच डावी-उजवी फिरवत सोडवलं. दोन्ही पृष्ठभाग सुती कापडानं चकचकीत पुसले. मधोमध तुरीच्या दाण्याएवढी पेस्ट, बोटानं पसरायची नाही, दाबानं आपसूक पसरते. जास्त लावली तर ओघळते आणि उपयोग उलट कमी. खिळे परत फिरवून जागेवर आणले आणि समोरासमोरचे दोन-दोन, तिरक्या जोडीनं दाबले. प्रत्येक खिळा 'कट्' असा आवाज करतो. चौथ्याला आवाज आला नाही. परत काढलं, परत पेस्ट पुसली, परत लावली. दुसऱ्या खेपेला चारही कट्.

चालू केलं तर काळ्या स्क्रीनवर 'सीपीयू फॅन एरर'. हातपाय गार. आठ-दहा सेकंद वाटलं, दुरुस्तीवाला खरा ठरला. मग दिसलं, पंख्याची वायर लावायचीच राहिली होती.

दुसऱ्या दिवशी ११ वाजून २० मिनिटांनी: ४४.

मी हाक मारली तर हे पूजेचं सोवळं न बदलता तसेच आले. दोघंही स्क्रीनकडे बघत बसलो, ४४, ४५, ४४. टॅली उघडली, इंटरनेट उघडलं, ५८. दोन तास चालू ठेवला. १६ तारखेला हिशेब ऑडिटरसाहेबांकडे गेले. तीन आठवड्यांनी पुरचुंडी रिकामी झाली तेव्हा झाकण परत बसवलं, आकडा ४६. घरखर्चाच्या वहीत 'दुरुस्ती' खात्याला पेस्ट १५०, बाटली १२०, ब्रश ३०.

पण ४४ आला त्या दिवशीचं राहिलं. क्षमावाणीला अजून चार महिने होते. त्या दिवशी सगळ्यांनाच 'उत्तम क्षमा' म्हणतो आपण, देवळाच्या पायरीवर, मोबाइलवर एकाच वेळी दोनशे जणांना. तोवर थांबून त्यालाही त्यातच उरकायचं मला पटेना. आणि मी बोलले होते ते चारचौघांत, मग माफी एकटीनं कशी मागायची? आधी यांच्या मावसबहिणीला फोन केला, सांगितलं, पोराचा काही दोष नव्हता, माझं कव्हर होतं. ती म्हणाली, 'अगं, आम्ही विसरलोसुद्धा.' विसरली नव्हती. सुनेला मागून सांगतानाचा आवाज ऐकू आला, 'ते कव्हर गं, कव्हर!'

मग बेळगावला. लेकीनं फोन घेतला, मी म्हटलं, त्याला दे. बराच वेळ तो आलाच नाही. आल्यावर 'हां आज्जी' एवढंच. मी तयारी करून ठेवलेली सगळी वाक्यं विसरले. सरळ म्हटलं, 'तू कव्हर काढायला सांगितलंस तेव्हा ऐकायला हवं होतं. गेमनं काही झालं नव्हतं. सगळ्यांसमोर बोलले ते चुकीचं होतं. मावसआज्जीलाही तसं सांगितलंय.'

पलीकडे शांतता. मग विचारलं, 'टेम्परेचर किती होतं?'

'अठ्ठ्याहत्तर.'

'नुसतं चालू असताना? बापरे! आणि आता?'

'चव्वेचाळीस.'

'पेस्ट कुणी लावली?'

'मी.'

पुन्हा थोडा वेळ गेला. 'आज्जी, खोटं.'

मी वहीच्या पानाचा फोटो काढून लेकीच्या मोबाइलवर पाठवला. तारखा, वेळा, आकडे. त्यानं तो मोठा करून वाचलेला असणार, कारण दहा मिनिटांनी त्याचाच फोन आला. झाकण नसतानाचा आकडा वेगळा का लिहिलाय, म्हणून. मी कोळ्याच्या अंड्यांचं सांगितलं. तो इतका हसला की लेक धावत आली.

'आणि गेम चालू असताना किती जातं?' त्यानं विचारलं.

'मला काय माहीत? तू काढून टाकलास की.'

'दिवाळीला येतो. मग बघू. कव्हर घालू नकोस तोवर.'

पापडांचं प्रमाण पुढच्या वेळी नक्की.